पोटातला बांध

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: एचआयव्ही आणि पोट. पत्रलेखकांची ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. सरकारी एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या ओपीडीत मी २००५ पासून बसतेय, निवृत्त झाले तरी आठवड्यातले दोन दिवस जाते. तिथे जे बोलते तेच इथे लिहिते.

प्रश्न: मॅडम, सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी, वय ४६. २०११ पासून गोळ्या चालू आहेत. सुरू केल्या तेव्हा सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी ९० होत्या. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं मोजमाप, आता दर वेळी ‘सापडत नाही’ असाच येतो, पण पेशी काही केल्या ३१० च्या वर जात नाहीत. पोट कायम फुगलेलं असतं. पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. माणसाची प्रतिकारशक्ती आतड्यात असते आणि एचआयव्हीच्या गोळ्या पोटातले चांगले जंतू मारतात, असं त्यात सांगतात. तीन महिने गोळ्या बंद ठेवून त्यांची पावडर घ्यायची. महिन्याला २,८०० रुपये. दोन शेळ्या विकून पैसे उभे करता येतील. करू का?

उत्तर: शेळ्या विकू नका. आणि गोळी एक दिवसही चुकवू नका. बाकीचं सगळं यानंतर.

गोळ्या मध्येच थांबवल्या तर काय होतं, हे अंदाजाने सांगत नाही. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५,४७२ माणसं होती. निम्म्यांच्या गोळ्या अखंड चालू ठेवल्या, निम्म्यांच्या पेशी बघून थांबवल्या आणि पुन्हा सुरू केल्या. थांबवलेल्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले, म्हणून तो प्रयोगच २००६ साली आवरता घ्यावा लागला. त्या गटातल्या लोकांच्या पेशी सुरुवातीला तुमच्यापेक्षा चांगल्या होत्या.

आता पोटाचं. व्हिडिओवाल्याने खऱ्याला खोटं चिकटवलंय, म्हणून त्यातलं खरं आधी सांगते.

फुकट औषधं सुरू झाली ती २००४ च्या एप्रिलमध्ये. त्याआधीचे आमच्या वॉर्डातले रुग्ण मला अजून दिसतात. घरची माणसं चादरीत गुंडाळून आणायची. हगवण थांबायची नाही, सलाईन संपत आलं की दुसरं लावायचं, आणि तीस-बत्तीस किलोचा बाप्या माणूस आई पाणी पाजेल तसं पाणी प्यायचा. युगांडातल्या गावांत लोक १९८५ च्या सुमारास या आजाराला ‘स्लिम’ म्हणत, म्हणजे माणूस वाळत जाण्याचा आजार. हा आजार पोटाचा आहे हे खेड्यातल्या माणसांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी दिसलं होतं.

तुमच्या कार्डावर ज्या सीडी-फोर पेशींचा आकडा असतो, त्या रक्तात थोड्याच असतात. त्यांचा मोठा मुक्काम आतड्याच्या अस्तराला लागून असतो. १९९८ साली माकडांवरच्या अभ्यासात दिसलं, आणि नंतर माणसांतही, की लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्यातल्या या पेशींचा फडशा पाडतो. रक्तातला आकडा तेव्हा अजून बरा दिसत असतो, माणूस शेतात कामाला जात असतो, आणि आत पडझड होऊन गेलेली असते.

माझं माहेर भुदरगडचं. भाताच्या खाचराला बांध असतो. खेकड्यांनी तो पोखरला की वरून काही दिसत नाही, पण खाचरातलं पाणी रात्रीतून झिरपून जातं. आतड्याचं अस्तर हा तसा बांध आहे. एका बाजूला अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला तुमचं रक्त. बांधाची राखण करणाऱ्या पेशी मेल्या की जंतूंचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन ब्रेंचली, डॅनियल डुएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे रक्तात मोजून दाखवलं. ते तुकडे रक्तात आले की शरीराला वाटतं हल्ला झाला, आणि प्रतिकारशक्ती रात्रंदिवस जागी राहते. जागून जागून ती थकते, आणि ही धुगधुगती सूज हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही भोवते.

म्हणजे पोटाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध खरा आहे. खोटं आहे ते पुढचं, की गोळ्यांनी हे बिघडलं. बिघडवलं विषाणूने. गोळ्यांनी त्याला आवरलं, म्हणून बांधाची डागडुजी सुरू होऊ शकली. डागडुजी पूर्ण होत नाही, आतड्यातल्या पेशी रक्तातल्यांपेक्षा सावकाश आणि अर्धवट भरून येतात, हेही खरं. तुमच्या गोळ्या ९० वर सुरू झाल्या, म्हणजे बरंच नुकसान झाल्यावर. अशा माणसांच्या पेशी ३००-४०० वर अडकून राहिलेल्या मी कितीतरी बघितल्यात. व्हायरल लोड सापडत नाही ना? मग तुमच्या गोळ्या चोख काम करतायत. ३१० हे अपयश नाही. ९० वरून तुम्ही इथवर आलायत.

एक विचारायचं राहिलं. पोट फुगतं म्हणून तुम्ही अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेता का, ते बाटलीतलं गुलाबी किंवा पांढरं? घेत असाल तर वेळ सांभाळा. तुमच्या रोजच्या एका गोळीत बहुधा डोल्युटेग्राव्हिर नावाचं औषध आहे. त्या पातळ औषधातले मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला पोटातच धरून ठेवतात आणि गोळी अंगी लागत नाही. गोळी आधी घ्या, दोन तास जाऊ द्या, मग ते औषध. ते आधी घेतलं असेल तर गोळीसाठी सहा तास थांबा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम. फक्त त्या आणि ही गोळी जेवणासोबत एकदम घेतली तर चालते. त्या पावडरीत भस्म आहे की कसले क्षार, कोणाला ठाऊक. ती नको म्हणायला माझ्याकडे हे दुसरं कारण.

पोटफुगीसोबत वजन उतरतंय का, संध्याकाळी अंग कोमट होतं का, हे बघा. होत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रावर जा. पोटाचा टीबी आपल्याकडे असाच गुपचूप येतो. आणि मेडिकलवाल्याकडून ‘पोट साफ होण्यासाठी’ अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स आणून खायची सवय असेल तर ती मोडा. पोटातल्या चांगल्या जंतूंना खरी झळ त्याने लागते. केंद्रातून मिळणारी सेप्ट्रानची गोळी मात्र अँटिबायोटिक असूनही तशी नाही, ती डॉक्टर सांगतील तोवर घ्यायची. झिम्बाब्वे आणि युगांडातल्या एचआयव्ही असलेल्या मुलांवरच्या अभ्यासात ती चालू ठेवलेल्या मुलांच्या आतड्याची सूज कमी आढळली होती.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हृदयाबद्दल विचारा. ४० ते ७५ वयाच्या, तुमच्यासारख्या गोळ्या घेणाऱ्या ७,७६९ जणांना १२ देशांत, भारतातही, पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध किंवा तसंच दिसणारी नुसती गोळी देऊन बघितली. २०२३ साली निकाल आला: औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी. तुम्हाला अशा गोळीची गरज आहे का, ते तेच ठरवतील. तंबाखू खात असाल तर ती सोडायची, याला मात्र कोणाला विचारायला नको.

खाण्याचं सांगते. मोठ्या आतड्यातले चांगले जंतू आपण न पचवलेल्या चोथ्यावर जगतात. तो खाऊन ते ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात, आणि बांधाच्या पेशींचं मुख्य अन्न तेच. हा चोथा तुमच्या शेतातच उगवतो: ज्वारी, तूर, हुलगे, मटकी, अंबाडी, शेपू. सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून खाता ना? भाकरी गार झाली की तिच्यातल्या स्टार्चचा काही भाग असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही, थेट खाली जंतूंपर्यंत जातो. पोट फुगतंय तोवर उसळी एकदम वाढवू नका. मोड आणून, नीट शिजवून, वाटीने सुरुवात करा.

दही-ताक घ्या. दह्याचं कौतुक करणारे एली मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. बरोबर शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच संस्थेतल्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना एचआयव्हीच्या शोधाबद्दल मिळालं. मला ही जोडी फार आवडते. पण आंबिलीबद्दल एक गैरसमज आहे. माझी आई नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायची. सकाळी त्यावर बारीक बुडबुडे आलेले असत, आंबूस वास स्वयंपाकघरभर असायचा, मग ती उकळत्या पाण्यात सोडून डावाने ढवळत राहायची. त्या उकळीत जिवंत जंतू मरतात. आंबील उत्तमच, पण ती जंतूंचं अन्न म्हणून. जिवंत जंतू हवे असतील तर वरून गार ताक घाला.

दह्याने किंवा भाकरीने पेशी वाढतील असं मी म्हणणार नाही. जंतूंच्या कॅप्सुलांवरही बरेच छोटे अभ्यास झाले. कुठे सूज थोडी उतरली, कुठे काहीच नाही. स्पेनमध्ये ३० जणांच्या अभ्यासात काहींना निरोगी माणसांच्या विष्ठेतले जंतू कॅप्सुलांतून आठ आठवडे देऊन बघितले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गंभीर त्रास झाला नाही, आतड्याच्या इजेची एक खूण कमी झाली, पेशींमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही. जगातले जाणते लोक अजून इथवरच पोचलेत. तुमच्या पुतण्याला हे वाचायला द्या. काका बरे व्हावेत म्हणूनच त्याने तो व्हिडिओ दाखवला, त्याला रागावू नका.

प्रश्न: डॉक्टरताई, मी २४ वर्षांची. पहिलं बाळंतपण, माहेरी आहे. बाळ वीस दिवसांचं. मी आणि माझे मिस्टर दोघं पॉझिटिव्ह, गोळ्या चालू, माझा व्हायरल लोड सापडत नाही. आईला यातलं काही माहीत नाही. केंद्रातल्या मॅडमनी सांगितलंय की फक्त अंगावरचं पाजायचं. पण आई रोज सकाळी सहाण घेऊन बसते, हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळते आणि मधातून चाटवायचं म्हणते. दोनदा मी बाळ झोपलंय असं खोटं सांगितलं. एवढ्याशा गुटीने काय होणार आहे, असंही मनात येतं.

उत्तर: माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. तू दोन्ही वेळा बरोबर वागलीस.

एवढ्याशा गुटीने काय होतं ते ऐक. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला अ‍ॅना कुत्सूदिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक गोष्ट पुढे आणली. तेव्हा आईला गोळ्या नसायच्या. ज्या बाळांना नुसतं आईचं दूध मिळालं, त्यांच्यापेक्षा दुधासोबत पाणी, चहा, पेज असं काहीबाही मिळालेल्या बाळांना लागण जास्त झाली. कोणाचा विश्वास बसेना. मग झिम्बाब्वेतही तेच दिसलं: लवकर वरचं सुरू केलेल्या बाळांमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा धोका सुमारे चौपट. दूध तेच, आई तशीच, फरक फक्त वरच्या चमच्याचा.

कारण पोटातच आहे. वीस दिवसांच्या बाळाच्या आतड्याचं अस्तर कोवळं असतं. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या बिफिडो जंतूंसाठी. हे जंतू अस्तर राखतात. वरचं काही गेलं, मग ते औषधी का असेना, सहाणेवरचे, बोटावरचे, पाण्यातले परके जंतू आत जातात, अस्तराला सूज येते, आणि सुजलेल्या अस्तरातून विषाणूला वाट मिळते. आज तू गोळ्या घेतेस, बाळाला लागण होऊ नये म्हणून सिरप चालू आहे, म्हणून धोका त्या काळाच्या मानाने खूपच कमी आहे. शून्य नाही. म्हणून सहा महिने पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर कुठल्याच बाळाला नाही.

आता आईचं. तिला खोटं सांगायची गरज नाही, आणि सगळं सांगायचीही नाही. म्हण, “आई, दवाखान्यात सगळ्याच बाळंतिणींना सांगतात, सहा महिने फक्त दूध.” हे अक्षरशः खरं आहे, हा नियम प्रत्येक बाळासाठी आहे. आशाताई घरी येत असतील तर त्यांच्या तोंडून आईच्या समोर वदवून घे, तुझा आजार मध्ये न आणता. आणि आईच्या हाताला दुसरं काम दे. बाळाची मालिश, धुरी नको पण शेक, तुझ्यासाठी डिंकाचे लाडू, खसखशीची खीर. तिला नातवासाठी काहीतरी करायचंय, गुटी हे एक निमित्त आहे.

स्तनाला भेग पडली, गाठ आली, ताप आला तर त्याच दिवशी केंद्रावर फोन कर. सहाव्या आठवड्यात एचआयव्हीच्या तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतील, ती तारीख चुकवू नकोस. तुझी माहिती तुझ्या संमतीशिवाय घरच्यांना कोणी सांगू शकत नाही, एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा तुझ्या बाजूने आहे. आईला कधी सांगायचं हे तू ठरव. मन फार भरून आलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन लाव, फुकट आहे.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, वय २९, गे आहे, दोन वर्षांपासून एआरटीवर. एका खाजगी लॅबकडून पोटातल्या जंतूंची तपासणी केली. रिपोर्टमध्ये ‘प्रीव्होटेला’ खूप जास्त, लाल रंगात. इंटरनेटवर वाचलं की एचआयव्हीमुळे प्रीव्होटेला वाढतो आणि त्याने सूज येते. झोप उडाली आहे.

उत्तर: लाल रंग त्या लॅबच्या छपाईत आहे, तुझ्या पोटात नाही. सुरुवातीच्या बऱ्याच अभ्यासांत खरंच असं दिसलं होतं की एचआयव्ही असलेल्यांच्या पोटात प्रीव्होटेला जास्त. पण त्या अभ्यासांत एचआयव्ही असलेले बरेच जण पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष होते आणि तुलनेसाठी घेतलेले तसे नव्हते. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी हे दोन धागे वेगळे केले. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्ही असो नसो, प्रीव्होटेला भरपूर निघाला. एचआयव्हीचा स्वतःचा ठसा वेगळा होता, पोटातल्या जंतूंची विविधता थोडी घटलेली.

शिवाय भाकरी, भात, डाळ खाणाऱ्या आपल्या लोकांत प्रीव्होटेला मुळातच मुबलक असतो. तुझ्या आजोबांची तपासणी केली असती तर त्यांचाही रिपोर्ट बहुधा लालच आला असता. या तपासणीवरून तुझ्या उपचारात एकही गोष्ट बदलणार नाही. पैसे खर्चायचेच असतील तर व्हायरल लोड वेळेवर, हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती, आणि वर्षातून एकदा सिफिलिससह सगळ्या लैंगिक आजारांची तपासणी. डॉक्टरांशी मोकळं बोलता येत नसेल तर डॉक्टर बदल. पुण्यात ऐकून घेणारे आहेत.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ नुकताच पॉझिटिव्ह निघाला. पेशी ६०. पंधरा दिवस जुलाब होते, कालच घरी आणलं. गोळ्या सुरू झाल्यात. शेजारचे म्हणतात प्रोबायोटिकच्या कॅप्सुला द्या, पोट बसेल. पाण्यात तुरटी फिरवतो, क्लोरीन टाकतो. अजून काय करू?

उत्तर: कॅप्सुला आत्ता नकोत. जंतू कितीही ‘चांगले’ असले तरी ६० पेशींच्या माणसात ते क्वचित रक्तात उतरतात, विशेषतः यीस्टवाल्या कॅप्सुला आणि हाताला किंवा मानेला सुई लावलेली असताना. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्या तरच. उकळलेल्या दुधाचं घरचं ताजं दही चालेल. कच्चं दूध, अर्धं कच्चं अंडं, गाड्यावरची चिरलेली फळं नकोत.

शौचाची तपासणी झाली का विचारा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी अशाच लोकांना गाठतो. तुरटीने तो मरत नाही, क्लोरीनलाही जुमानत नाही. त्यावर हमखास औषध नाही. पेशी वर येतात तसा तो हटतो, म्हणून एआरटीची गोळी हेच त्याचं खरं औषध. दुसरा तसाच एक, सिस्टोआयसोस्पोरा, सेप्ट्रानला ऐकतो. त्यामुळे कुठला आहे हे कळायला हवं.

पाणी उकळा. खदखदून उकळी आली की एक मिनिट मोजा, झाकण ठेवून त्याच भांड्यात गार होऊ द्या, ओगराळ्याने घ्या, पेला बुडवू नका. त्याच पाण्यात ओआरएस, तेच पाणी दात घासायला. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, शहाळं, दर दोन तासांनी थोडं थोडं. शौचात रक्त, ताप, लघवी कमी, किंवा ग्लानी दिसली तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. त्याचं आजचं वजन कार्डाच्या मागे लिहून ठेवा, दर रविवारी करा, आणि महिन्याने ते आकडे मला पाठवा.